गोल्फ प्रशिक्षकाने आपले उत्पन्न कसे वाढवावे : व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांतल्या एखाद्या गोल्फ कोर्सवर कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणून किंवा ज्युनियर खेळाडू म्हणून वाढलेला आणि आता याच खेळावर घर चालवू पाहणारा तरुण सल्ला विचारायला येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा स्पर्धांच्या बक्षिसांविषयी असतो आणि दुसरा शिकवणीचे किती पैसे मागावेत याविषयी. गेली अठरा वर्षे रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, शिकवून माझे जे मत बनले आहे ते सुरुवातीलाच सांगतो. शिकवणाऱ्या प्रोचे, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूचे, उत्पन्न आज त्याने किती तास शिकवले यापेक्षा आज आलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी याच महिन्यात त्याच्याकडेच शिकत असेल का, यावर अधिक ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी पहिली : स्पर्धा की शिकवणी, हे आकडे मांडून ठरवा

भारतात पुरुषांच्या बहुतेक व्यावसायिक स्पर्धा २००६ साली स्थापन झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, घेते आणि तिच्यात शिरण्यासाठी पात्रता फेरी, म्हणजे क्यू-स्कूल, पार करावी लागते. एका स्पर्धेत साधारणपणे चार दिवसांत ७२ होल खेळले जातात, पहिल्या ३६ होलनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाद होतात, आणि कटच्या बाहेर राहिलेल्याला बक्षिसातला वाटा मिळत नाही. एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती साधारण १५ लाख येतात आणि क्रमवारीत जसजसे खाली जावे तसतशी रक्कम झपाट्याने उतरते. खर्चाची बाजू मात्र सगळ्यांना सारखीच असते. बाहेरगावच्या एका स्पर्धेला प्रवास, राहणे, प्रवेशशुल्क आणि कॅडीचे पैसे धरून ४०,००० रुपये लागतात असे समजले, तरी वीस स्पर्धांचे आठ लाख होतात आणि ते कट पार होण्याच्या आधीच गेलेले असतात.

हे सांगताना कुणाचे मन मोडण्याचा माझा हेतू नाही. दिल्लीत कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. कोलकात्यातल्या कोर्सवर हिरवळ राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव एस. एस. पी. चौरसिया यांनी तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा जिंकली. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. ज्याच्या खेळात तेवढे बळ आहे त्याने जरूर उतरावे, पण किती वर्षे आणि किती रक्कम यासाठी द्यायची हे घरच्यांसमोर बसून कागदावर लिहावे आणि त्या काळातही आठवड्यातले दोन दिवस शिकवण्यासाठी राखून ठेवावेत. स्पर्धेत खेळलेल्या प्रोकडे लोक अधिक विश्वासाने शिकायला येतात, हा त्या वर्षांचा दुसरा आणि अधिक टिकाऊ लाभ असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण या चुकीने मुलांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. गोल्फमध्ये हौशी खेळाडूचा दर्जा नियमांनी बांधलेला आहे. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपेक्षा अधिक मोलाचे बक्षीस घेता येत नाही आणि शिकवण्याचा मोबदला घेतला तर सर्वसाधारणपणे हा दर्जा जातो. ज्याला अजून राष्ट्रीय हौशी स्पर्धा खेळायच्या आहेत त्याने एखाद्या मेंबरने प्रेमाने पुढे केलेले शिकवणीचे पैसेही घेऊ नयेत. दर्जा परत मिळवता येतो, पण त्यासाठी अर्ज करून थांबावे लागते आणि सतराव्या-अठराव्या वर्षी वाया गेलेला एक मोसम फार महाग पडतो.

पायरी दुसरी : प्रमाणपत्र आणि उमेदवारी

इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखालील नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया शिकवणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण आणि परीक्षा घेते. पहिला टप्पा शक्य तितक्या लवकर पूर्ण करावा, कारण चांगले क्लब आणि शाळा आता प्रमाणपत्र विचारतात. त्याहून मोठे कारण असे की, चांगला खेळ करता येणे आणि दुसऱ्याच्या खेळातला दोष ओळखता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक साधे उदाहरण घेऊ. चेंडू ज्या दिशेला निघतो ती दिशा मुख्यतः क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, फिरण्याच्या मार्गावर ठरते असे पूर्वी सर्रास शिकवले जाई, पण रडारवर चालणाऱ्या यंत्रांनी मोजमाप केल्यावर स्पष्ट झाले की, ती दिशा बहुतांशी टक्कर होताना क्लबचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कोणीकडे आहे यावर अवलंबून असते आणि चेंडू पुढे कोणत्या बाजूला वळेल हे तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरते. ज्याला हे ठाऊक नाही तो विद्यार्थ्याला वर्षभर चुकीच्या जागी दुरुस्ती करायला लावतो, आणि असा विद्यार्थी टिकत नाही.

नियमांचा अभ्यासही याच काळात करावा. २०२३ पासून नियमपुस्तकात २५ नियम आहेत आणि मेंबर लोक वाद झाला की प्रोकडेच येतात, तेव्हा उत्तर अचूक असले पाहिजे. त्याबरोबर निदान एक वर्ष एखाद्या ज्येष्ठ प्रोच्या हाताखाली काढावे. या वर्षात पैसे कमी मिळतील, पण तो पहिल्या पाच मिनिटांत काय विचारतो, कोणत्या वेळी गप्प राहतो आणि रागावलेल्या मेंबरशी कसा बोलतो हे जवळून पाहायला मिळते.

पायरी तिसरी : क्लबशी करार लेखी असावा

बहुतेक ठिकाणी शिकवणीच्या शुल्कातला काही वाटा क्लब किंवा रेंज घेते, काही ठिकाणी ठरावीक मासिक भाडे असते, तर काही ठिकाणी प्रोला थोडा पगार आणि वर शिकवणीचे पैसे मिळतात. यातले कोणतेही चालेल, परंतु वाटा किती टक्के, चेंडूंच्या बकेटचे पैसे कोण देणार, कोणत्या वेळा शिकवण्यासाठी राखीव, स्पर्धेच्या दिवशी रेंज बंद राहिली तर भाडे सुटणार का आणि करार किती महिन्यांच्या सूचनेने संपवता येईल, या पाच गोष्टी सहीच्या कागदावर असाव्यात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी सगळा व्यवहार तोंडी होता. व्यवस्थापन बदलले आणि नव्या माणसाने एका आठवड्यात वाटा जवळपास दुप्पट केला. हातात कागद नसल्यामुळे मला एक शब्दही बोलता आला नाही आणि जमवलेले निम्मे विद्यार्थी मागे सोडून निघावे लागले. खासगी क्लबांच्या बाहेरही जागा असतात, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स किंवा शहरांतल्या सरावाच्या रेंज अशा ठिकाणी मेंबर नसलेला माणूस पहिल्यांदा क्लब हातात घेतो आणि नवा विद्यार्थी बहुधा तेथेच भेटतो.

पायरी चौथी : पहिली शिकवणी

सगळ्यात अधिक लक्ष येथे द्यावे, कारण माणूस पुन्हा येणार की नाही हे पहिल्या पाऊण तासात ठरून जाते.

समजा, पन्नाशीचे एक गृहस्थ आले आहेत आणि त्यांचा चेंडू सतत उजवीकडे वळतो. बहुतेक नवे प्रो त्यांना लगेच दहा चेंडू मारायला लावतात आणि अकराव्या चेंडूपर्यंत सहा दोष सांगून मोकळे होतात. आधी त्यांच्याशी बोलावे. पाठ, गुडघा, खांदा यांचे काही दुखणे आहे का, आठवड्यातून किती वेळा खेळणे होते आणि या खेळाकडून त्यांना काय हवे आहे, हे विचारावे. कुणाला शंभर फटक्यांच्या आत यायचे असते, तर कुणाला कार्यालयातल्या वरिष्ठांबरोबर खेळताना अवघडल्यासारखे होऊ नये एवढेच हवे असते, आणि या दोघांची शिकवणी एकसारखी असू शकत नाही.

मग त्यांचा क्लब हातात घेऊन पाहावा. ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, झिजून गुळगुळीत आणि चकचकीत झालेली असेल, तर माणूस ती निसटू नये म्हणून आवळून धरतो आणि त्याची मनगटे आखडतात. क्लबच्या तोंडावर पायांना लावायच्या पावडरीचा हलका फवारा मारावा आणि तीन चेंडू मारायला सांगावे. पांढऱ्या थरावर चेंडूची गोल खूण उमटते. ती टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ, आहे की टोकाकडे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि वादाला जागा उरत नाही. त्यानंतर त्यांना पवित्र्यात उभे करून वरून आपल्या डाव्या हाताकडे पाहायला सांगावे. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तेथे मुठीच्या गाठींपैकी एकच दिसत असेल, तर क्लबचे तोंड उघडे राहण्याचे कारण बहुधा तेथेच असते. हात थोडा उजवीकडे फिरवून दोन ते तीन गाठी दिसतील असा ठेवावा, छोट्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) अर्ध्या ताकदीचे पंधरा फटके मारून घ्यावेत आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे. बाकीचे दोष तुम्हाला दिसतील, पण ते सांगू नका, वहीत लिहून ठेवा.

या वहीविषयी थोडे सविस्तर सांगतो. दोनशे पानी साधी वही पुरते. प्रत्येक विद्यार्थ्याला चार पाने द्यावीत आणि दर वेळी तारीख, काय शिकवले, घरी करायला काय दिले आणि त्यांचे शब्द काय होते, हे चार ओळींत लिहावे. तीन महिन्यांनी पान उलटून ‘साहेब, जूनमध्ये तुमचे दहातले सात चेंडू उजवीकडे जात होते, आज तीन गेले’ असे दाखवता येते, तेव्हा शुल्क देताना कुणी घासाघीस करत नाही. आपल्या व्यवसायात विद्यार्थी बहुधा वयाने, पैशाने आणि पदाने मोठा असतो, त्यामुळे बोलताना ‘सर’, ‘मॅडम’, ‘साहेब’ असावेच. पण शिकवण्याच्या बाबतीत दबून जाऊ नये. लेखी नोंद हाताशी असली की बोलायला बळ येते.

पायरी पाचवी : तास विकू नका, कार्यक्रम विका

पुन्हा थोडा हिशेब मांडू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. एका शिकवणीचे १,००० रुपये, दिवसाला चार शिकवण्या आणि महिन्याला २२ दिवस धरले, तर ८८,००० होतात. क्लबचा ३० टक्के वाटा गेला की ६१,६०० उरतात आणि नवखा प्रो याच आकड्यावर खूश होतो. पण पावसाळ्याचे चार महिने काम निम्म्यावर येते, म्हणून वर्षाचे ६,१६,००० होतात आणि चारपैकी एक शिकवणी आयत्या वेळी रद्द होते असे धरले, तर ४,६२,०००. म्हणजे महिन्याला सरासरी ३८,५०० रुपये. आजारपण यात धरलेलेच नाही.

यावर उपाय म्हणून शुल्क एकदम वाढवणे मला पटत नाही. त्याऐवजी दहा आठवड्यांत आठ शिकवण्यांचा कार्यक्रम ठेवावा आणि त्याचे पैसे आगाऊ घ्यावेत. चार शिकवण्या रेंजवर, दोन चिपिंग (ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके) आणि पटिंगच्या (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर, चेंडू होलात घालण्याच्या), एक प्रत्यक्ष कोर्सवर नऊ होल बरोबर खेळून आणि शेवटची झालेल्या प्रगतीचा आढावा घेण्यासाठी, अशी वाटणी मला उपयोगी पडली. पटिंगला दोन शिकवण्या देण्यामागे कारण आहे. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या १८ होलच्या, कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर पटरचे (पटिंगच्या क्लबचे) दोन फटके गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मे, ३६ फटके पटरचे असतात. तरीही माणसे शिकायला येतात ती ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घेऊनच. पटिंग सुधारले की स्कोअर लवकर खाली येतो, तो घरी, मित्रांत सांगितला जातो आणि त्यातून पुढचा विद्यार्थी येतो.

रद्द करण्याचा नियमही याच कार्यक्रमात लिहून द्यावा. चोवीस तास आधी कळवले तर शिकवणी पुढे जाईल, त्यानंतर कळवले तर ती झाली असे धरले जाईल आणि पावसामुळे गेलेली शिकवणी नेहमी भरून दिली जाईल. हा नियम पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितला तर कुणाला राग येत नाही. चौथ्या वेळी चिडून सांगितला तर येतो.

पायरी सहावी : मुले आणि महिला

सहा मुलांचा एक तासाचा गट, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे तासाला ३,०००. आठवड्यातून दोन संध्याकाळी धरल्या तर महिन्याला २४,००० आणि क्लबचा वाटा वजा जाता १६,८०० होतात. एकेकट्या शिकवणीत तेवढ्याच आठ तासांचे ५,६०० उरले असते. पण पैशापेक्षा महत्त्वाचे असे की, दहा वर्षांचे मूल नीट सांभाळले तर ते सात-आठ वर्षे तुमच्याकडे राहते आणि त्याला आणायला येणारे आई-वडीलही बाकावर बसून कंटाळले की क्लब हातात घेतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथ्या क्रमांकावर आली, त्या आठवड्यानंतर आमच्याकडे मुलींची चौकशी प्रथमच सातत्याने येऊ लागली. मुलींच्या आणि महिलांच्या गटाची वेळ वेगळी ठेवावी, त्यांच्या उंचीला आणि ताकदीला साजेसे हलक्या शाफ्टचे (दांड्याचे) चार-सहा क्लब स्वतःकडे ठेवावेत आणि वडिलांचे कापून आखूड केलेले जड क्लब मुलांच्या हाती देऊ नयेत. जड क्लबमुळे लागलेली सवय सोडवायला पुढे दोन वर्षे जातात.

पायरी सातवी : क्लबच्या दुरुस्तीचे काम शिकून घ्या

हे काम मला मनापासून आवडते. खेळाडूच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब असतात आणि त्या सगळ्यांच्या ग्रिप कधी ना कधी बदलाव्याच लागतात. आकडीसारख्या पात्याने जुनी ग्रिप लांबीने चिरावी, पाते नेहमी आपल्यापासून दूर ढकलावे. ग्राफाइटच्या शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नये. जुनी चिकटपट्टी खरवडून काढावी, नवी दुहेरी पट्टी लावावी आणि तिचे वरचे टोक शाफ्टच्या तोंडात मुडपून घ्यावे. नव्या ग्रिपच्या शेंड्याचे भोक बोटाने किंवा टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करून आत द्रावण ओतावे, हलवून ते सगळे पट्टीवर ओतावे आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवावी. मध्ये थबकलात तर ती अर्ध्यावर अडकते आणि कापूनच काढावी लागते. द्रावण सुकण्यापूर्वी क्लब जमिनीवर टेकवून ग्रिपवरच्या खुणा तोंडाशी काटकोनात आहेत का ते पाहावे. पहिल्या दहा-बारा ग्रिप स्वतःच्या जुन्या क्लबांवर खराब कराव्यात, मेंबरच्या नव्हे.

यापुढची पायरी म्हणजे शाफ्टची लांबी, कडकपणा आणि लाय कोन (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) माणसाला जुळवून देणे. त्यासाठी मोजमापाचे यंत्र स्वतः विकत घेण्यासाठी कर्ज काढू नये. जेथे सिम्युलेटर आहे त्या ठिकाणी तासाच्या बोलीवर काम करावे. आणि ज्याला नव्या क्लबची गरज नाही त्याला ‘साहेब, आहे तोच सेट उत्तम आहे’ असे सांगावे. त्या दिवशीचे कमिशन जाते, पण तो माणूस पुढे प्रत्येक खरेदीपूर्वी तुम्हालाच विचारतो.

पायरी आठवी : पैशांची शिस्त

शिकवणीसाठी वेगळे बँक खाते काढावे, रोखीने मिळालेली रक्कमही त्यात भरावी आणि प्रत्येकाला पावती द्यावी. क्लब किंवा कंपनी मानधन देताना कर कापत असेल, तर तो विवरणपत्रात दाखवल्याशिवाय परत मिळत नाही आणि कितीतरी प्रो विवरणपत्र भरतच नाहीत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेल्यावर तीन वर्षांची विवरणपत्रेच उपयोगी पडतात. शिवाय आपले शरीर हेच आपले दुकान आहे, म्हणून आरोग्यविमा पहिल्याच वर्षी घ्यावा आणि दिवसाला विद्यार्थ्यांसमोर किती फटके मारून दाखवायचे यालाही मर्यादा ठेवावी. माझी पाठ पस्तिशीतच धरली, तेव्हा सहा आठवडे एक रुपयाही आला नाही.

पायरी नववी : पावसाळ्याचे नियोजन मेमध्येच करा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर रेंजवर पाणी साचते, चेंडू चिखलात रुततात आणि सकाळच्या शिकवण्या एकामागून एक रद्द होतात. हे दर वर्षी ठरलेले असूनही दर वर्षी प्रो अडचणीत येतात. मेच्या सुट्टीतल्या मुलांच्या शिबिरातून येणाऱ्या रकमेतला एक ठरावीक भाग या चार महिन्यांसाठी बाजूला काढावा. ग्रिप बदलण्याची आणि क्लब जुळवण्याची कामे मेंबरांना याच काळासाठी सुचवावीत. छप्पर असलेल्या जागेत गालिच्यावर पटिंगचे वर्ग घ्यावेत, नियमांवर एखादे छोटे सत्र ठेवावे, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना भेटून यावे आणि प्रमाणपत्राचा पुढचा टप्पाही याच महिन्यांत पूर्ण करावा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वही उघडून बसावे. गेल्या मोसमात ज्यांनी तीनपेक्षा अधिक शिकवण्या घेतल्या आणि नंतर येणे थांबवले, त्यांची नावे वेगळ्या कागदावर काढावीत आणि प्रत्येकाला स्वतः फोन करावा. सगळ्यांना एकच संदेश पाठवून भागत नाही. फोनवर त्यांच्या पानावरची शेवटची ओळ वाचून दाखवावी, म्हणजे ‘मॅडम, बंकरमधून बाहेर काढायचे आपले अर्धे राहिले आहे, सोमवारी साडेसहाची वेळ मोकळी आहे’ एवढेच बोलावे आणि त्या हो म्हणाल्या की ती वेळ लगेच वहीत लिहून टाकावी.